आधी गळती शोध, मग सायलेन्सर बदल

पॅलिसेड, कोलोरॅडो
१४ सप्टेंबर

प्रिय सुरेश,

सप्रेम नमस्कार.

रविवारी फोन मधेच तुटला आणि तुझा प्रश्न तसाच राहिला. "माझ्या १६१३ ट्रकला मोठ्या व्यासाचा सायलेन्सर टाकला तर घाटात ओढ वाढेल का?" असं तू विचारत होतास. 'हो' म्हटलं असतं तर अर्धसत्य झालं असतं, 'नाही' म्हटलं असतं तरी तेच. म्हणून लिहायला बसलोय. हा उन्हाळाभर मी हेच काम स्वतःच्या हातांनी केलंय.

माझी गाडी तुला फोटोत दिसली आहेच, १९९७ ची डॉज रॅम २५००, पाच गिअरची. पण तिच्या बॉनेटखाली काय आहे हे मी तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. कमिन्सचं ५.९ लिटरचं, बारा व्हॉल्व्हचं डिझेल इंजिन. जमशेदपूरला टाटा कमिन्सने बनवलेलं तुझ्या ट्रकमधलं ६बीटी याच घराण्यातलं. १०२ मिलिमीटरचा बोअर, १२० चा स्ट्रोक, ५,८८३ सीसी. पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा मला एकदम तुझ्या कराडच्या गॅरेजचा वास आला बघ. म्हणून इथे जे घडलं त्यातलं बरंचसं तुलाही लागू पडेल.

ऑगस्टमध्ये इथे पीचचा हंगाम असतो. शेजाऱ्यांच्या बागेतला माल मी आठवड्यातून एकदा ट्रेलरवर घालून डेन्व्हरच्या बाजारात नेतो. ट्रेलरसकट ओढायचं वजन साडेतीन टनांच्या आसपास. वाट आय-७० महामार्गाची, साधारण पावणेचारशे किलोमीटर. आधी व्हेल पास, १०,६६२ फूट. तो उतरून सिल्व्हरथॉर्न गावाशी आलं की आयझेनहॉवर बोगद्याची चढण सुरू होते. बोगद्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहूनही उंच. चढ सात टक्क्यांपर्यंत जातो. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो. आपला कुंभार्ली घाट वळणांनी दमवतो, हा सरळसोट चढ हवा काढून घेऊन दमवतो.

गेल्या वर्षी त्या चढणीवर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये रडत होती. मागे काळा धूर, पायरोमीटरचा काटा १,३५० फॅरनहाइटला. सेल्सिअसमध्ये सातशे तीसच्या वर. टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) आधी, मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळीत) मोजलेला हा वायूचा ताप आहे. अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं आणि आपले पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचे. खालून तेलाच्या फवाऱ्याने ते गार राहतात म्हणून दोन-चार क्षण निभतं, पण दहा मिनिटं त्या तापात चढण काढणं म्हणजे इंजिन विकायला काढणं. साधारण १,२५० च्या वर मी पाय उचलतोच. पाय उचलला की वेग पडतो, आणि मागच्या मोठ्या ट्रकांचे दिवे आरशात भरतात.

इथल्या एका गॅरेजवाल्याने बघितल्या बघितल्या टर्बो गेला म्हणून सांगितलं आणि नव्या टर्बोचा आकडा लिहून दिला. मी गाडी घरी आणली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि फक्त कान दिला. टिक, टिक, टिक. पाच मिनिटांत गरम झालं की आवाज बंद. टॉर्च घेऊन वाकून पाहिलं तर सहाव्या सिलिंडरपाशी हेडवर (सिलिंडरांवरच्या झाकणावर) काजळीचा ओघळ, आणि मॅनिफोल्डच्या टोकाच्या बोल्टचं डोकं जागेवरच नव्हतं.

या इंजिनाचं हे जुनं दुखणं आहे. मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एका लांब तुकड्यात ओतलेलं, बिडाचं. हजारो वेळा तापून गार होता होता ते आखडत जातं. हेड मात्र तेवढंच राहतं. मग सगळा ताण टोकाच्या बोल्टांवर येतो आणि एक दिवस ते तुटतात, कधी हेडचा कानही घेऊन जातात. टर्बोला फिरवायला जो वायू हवा तो असा वाटेतच निसटतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, कमी, म्हणजे हवा कमी. पंप डिझेल मात्र देतच राहतो, त्यामुळे धूर आणि ताप दोन्ही वाढतात. माझ्या टर्बोत काही दोष नव्हता रे, त्याची उपासमार चालली होती.

तुटलेला बोल्ट काढायला अख्खा शनिवार गेला. आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं, सकाळी बोल्टच्या उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड केला आणि गरम असतानाच हळूहळू मागेपुढे फिरवत काढला. घाई केली असती तर तो आतच मोडला असता. जागी तीन तुकड्यांचं मॅनिफोल्ड बसवलं, ज्याच्या सांध्यांना तापल्यावर सरकायला जागा असते.

एवढं झाल्यावर मग सायलेन्सर. माझा मूळचा पाइप मी मोजला, तीन इंचाचा. नवा घातला चार इंचाचा. व्यास एकाच इंचाने वाढला, पण आतली वाट सातवरून साडेबारा चौरस इंचांवर गेली. टर्बोचं चाक फिरतं ते त्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागचा दाब जितका कमी, तितका तो लवकर जागा होतो. "थोडा बॅकप्रेशर राहू दे, नाहीतर पिकअप जाईल" हे तू तुझ्या मोटरसायकलवाल्यांकडून ऐकलं असशील. टर्बोच्या डिझेलला ते लागू नाही. टर्बोच्या मागे अडवून ठेवलेल्या दाबाचा त्याला काही उपयोग नाही.

पाच इंचाचाही मिळतो. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला तो दिखाऊ आहे, पैसे घालवू नकोस. वळणावर पोट दबलेला पाइपही घेऊ नकोस, तिथेच सगळं कमावलेलं जातं. मफलर, म्हणजे आवाज दाबणारा डबा, मी ठेवलाय. तो काढला की १,८०० आरपीएमच्या आसपास केबिनमध्ये असा घुमारा धरतो की चार तासांनी डोकं भणभणतं. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावलेला नाही. तो काढणं इथे कायद्याने गुन्हा आहे, आणि ज्या दरीतली फळं विकायची त्याच दरीत काळा धूर सोडायला माझं मन घेत नाही. पाइप स्टेनलेसचा घेतला, कारण इथे थंडीत रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड मारतात आणि साधा पत्रा काही वर्षांत चाळणी होतो. कराडला तुला त्याची गरज नाही.

आता हिशोब. तोच ट्रेलर, तेवढाच माल, तीच चढण, तिसराच गिअर. काटा १,२०० ला थांबला. बूस्ट आधी चौदा पौंडांपुढे जात नव्हतं, आता एकोणीसला लागतं. धूर जवळजवळ नाहीसा झाला. माझा अंदाज, यातला अर्ध्याहून जास्त फायदा गळती बंद झाल्याचा आहे, उरलेला पाइपचा. हॉर्सपॉवर म्हणशील तर नुसत्या पाइपने ती फारशी वाढलेली नाही. जी होती ती आता शेवटपर्यंत वापरता येते, आणि मला हवं होतं ते एवढंच.

म्हणूनच लोक करतात तसं पंप उघडून डिझेल वाढवू नकोस. इथली पोरं या इंजिनाच्या डिझेल पंपाची, पी-पंपाची, आतली प्लेट घासून किंवा सरकवून ताकद दुप्पट करतात. हवा न वाढवता डिझेल वाढवलं की सगळा ताप पुन्हा पिस्टनवर येतो. आणि ओढ वाढली म्हणून लोड वाढवू नकोस, सुरेश. गाडीवर लिहिलेलं वजन चासी, अ‍ॅक्सल आणि ब्रेक बघून ठरवलेलं असतं, सायलेन्सर बदलून त्यात एक किलोची भर पडत नाही. ऊस तोलताना कारखान्यावर जो आग्रह होतो तो मला माहीत आहे.

चढलेलं उतरावंही लागतं. बोगद्यातून बाहेर पडलं की जॉर्जटाउनपर्यंत उतारच उतार. डिझेलला हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे नुसता पाय काढून इंजिन फारसं धरत नाही. मी टर्बोच्या लगेच मागे एक्झॉस्ट ब्रेक बसवला, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनाकडूनच गाडी धरवणारी झडप. त्यासाठी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा साठ पौंडांच्या कडक घालाव्या लागल्या, नाहीतर कोंडलेल्या दाबाने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अवेळी उघडतात. खरं सांगू? या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा पैसा इथेच लागला. पहिल्यांदा तो ब्रेक लावून उतरलो तेव्हा खाली पोचल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहिला. जळका वास नव्हता, रिम नुसती कोमट होती. मला अण्णांची ती रात्र आठवली, कुंभार्लीत ब्रेक तापून गेले होते आणि त्यांनी ट्रक डोंगराच्या अंगाला घासत थांबवला होता. आपण दोघं मागे पोत्यांवर होतो. तुझ्या १६१३ चा एक्झॉस्ट ब्रेक चालू आहे ना? काजळीने त्याची झडप अडकते. आधी ते बघ.

तर उद्या सकाळी एवढं कर. थंड इंजिन सुरू कर, पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरपाशी कान दे, बोल्ट मोज. इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीचे) रबरी होज हाताने दाबून बघ, एअर फिल्टर उन्हात धरून बघ. पायरोमीटर लाव, टर्बोच्या आधी. मॅनिफोल्डला भोक पाडताना ड्रिलला ग्रीस फास म्हणजे चुरा आत जाणार नाही. आकडे मला कळव, मग पाइपचं ठरवू. कराडलाच कुणी चांगला बेंडिंगवाला असेल तर इकडून काही पाठवायचीही गरज नाही.

अण्णांना साष्टांग नमस्कार. वहिनींना सांग, त्यांनी दिलेलं मेतकूट संपलं.

तुझा,
विनायक