रेझिस्टन्स वाढवला तरी वॅट तेवढेच : इनडोअर ट्रेनरबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : लिव्हरचा आकडा बदलूनही अ‍ॅपमध्ये तोच वेग आणि तेच वॅट

महोदय,

जूनमध्ये मी आपला मॅग्नेटिक ट्रेनर घेतला, म्हणजे सायकलचं मागचं चाक रोलरवर टेकवून घरात जागेवरच चालवायचा स्टँड. फेब्रुवारीत गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं, त्यामुळे येऊरचा चढ बंद होता. पावसाळ्यात घोडबंदर रोडवर खड्डे आणि ट्रेलर चुकवत सायकल चालवायची हिंमत नव्हती. फिजिओथेरपिस्टने घरीच चालवायला सांगितलं, पण ६ आठवडे ८० वॅटच्या (वॅट म्हणजे पेडल मारायला लागणारी ताकद) वर जायचं नाही, या अटीवर. अ‍ॅपमध्ये वॅट दिसतात म्हणूनच मी आपला ट्रेनर निवडला.

माहितीपत्रकात लिहिलंय, रेझिस्टन्सचा (पेडल किती जड जावं याचा) लिव्हर १ ते ७ पैकी सोयीच्या आकड्यावर ठेवा. मी ५ वर ठेवला. अ‍ॅप रोज ७० वॅट दाखवायचं. नवव्या दिवशी गुडघा सुजला.

मग मी स्वतः तपासलं. गिअर पुढे ३४ दात, मागे १९, कॅडेन्स ८० (मिनिटाला पेडलचे ८० फेरे). टायर ७०० बाय २५, म्हणजे चाकाचा एक फेरा साधारण २.१ मीटरचा. हिशेबाने ताशी १८ किमी येतात आणि अ‍ॅपही १८ च दाखवतं, लिव्हर १ वर असो की ५ वर. यात चूक नाही. वेग म्हणजे चाक किती फिरलं एवढंच. ते फिरवायला जोर किती लागला, हे त्यात येत नाही. पण वॅटही दोन्ही वेळा ७० च! माझे ठोके मात्र १ वर १०४ आणि ५ वर १४१. म्हणजे अ‍ॅप नुसत्या वेगावरून वॅट काढतं, आणि लिव्हर कुठे आहे ते विचारतही नाही.

आपला माणूस घरी आला, टायरमध्ये हवा भरली, रोलर आवळला आणि गेला. हवा कमी असली की टायर रोलरवर घसरतो हे मला माहीत आहे. मी ती दर वेळी बघते. फोनवर तर "मॅडम, स्पीड बरोबर येतोय ना?" एवढंच ऐकायला मिळालं.

अ‍ॅपने लिव्हरचा कोणता आकडा धरलाय ते लेखी कळवा आणि पत्रकात ठळक छापा. ऑपरेशननंतर ट्रेनर घेणारी मी एकटी नसेन. अ‍ॅपमध्ये तो आकडा निवडायची सोय द्या. जमत नसेल तर ट्रेनर परत नेऊन पूर्ण पैसे द्या. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर मी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

बिल आणि दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट जोडले आहेत.

आपली ग्राहक,
मानपाडा, ठाणे (प.)