रंग की खेळणं?

तीर्थरूप आई-बाबांना सा. न. वि. वि.

आई, 'चतुर्थीला आला नाहीस, बरं आहे ना?' असं तू तीनदा विचारलंस. तब्येत ठणठणीत आहे. तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट रद्द केलं ते न्हावा-शेवा बंदरात अडकलेल्या माझ्या रंगांच्या पेट्यांमुळे. फोनवर सांगणार होतो, पण बाबांनी मध्येच फोन घेऊन 'आपल्या कॅमलचे रंग काय वाईट आहेत?' असं विचारलं असतं आणि गाडी तिथेच थांबली असती.

वाईट नाहीतच, बाबा. दांडेकरांनी 1931 साली सुरू केलेल्या त्या कंपनीच्या रंगांवरच तुम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएटची किती पोरं तयार केलीत. मी जर्मनीहून मागवले त्यात दोन प्रकार होते. एक म्हणजे शाळेतल्या पोरांसाठी वॉटरकलरच्या वड्या. दुसरा, दीड-दोन वर्षांच्या पोराने सगळा पंजा बुडवून कागदावर उमटवायचे रंग. या दुसऱ्यात युरोपच्या नियमाप्रमाणे मुद्दाम कडू पदार्थ घालतात, पोराने बोट चाटलं तर तोंड वाकडं करून थांबावं म्हणून. माझा अंगठा सोडवायला तू कोरफडीचा रस लावायचीस ना आई, तीच युक्ती. या कडूपणावरच मी भाळलो होतो.

माल थोडा, म्हणून चारचौघांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून आला. माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंगवाल्याने बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा अर्ज, भरलं, सगळ्या डब्या 3213 या कस्टमच्या वर्गाखाली: चित्रकारांचे, विद्यार्थ्यांचे रंग. आता कागद तपासणारा कस्टमचा अधिकारी बंदरातच असतो असं नाही. 2020 पासून फाइल ऑनलाइन दुसऱ्याच शहरात जाऊ शकते. चहा पाजून विचारावं तरी कोणाला! स्क्रीनवर एवढाच प्रश्न आला: हे रंग आहेत की खेळणं?

मी आधी हसलो. मग नियम काढून वाचला आणि घाम फुटला. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, आणि बाहेरून येणारा माल असेल तर तिथल्या कारखान्याला आपल्या बीआयएसचा, म्हणजे ही खूण देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोचा, परवाना घ्यावा लागतो. खेळण्यांच्या सुरक्षिततेचं जे मानक आहे, आयएस 9873, त्याचा अख्खा सातवा भाग बोटांनी रंगवायच्या रंगांवर आहे. नेमक्या माझ्या डब्यांवर! युरोपचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतं, पण ते इथे चालत नाही. त्यात डबीवर कंपनीने 'खेळा आणि रंगवा' असं छापलेलं. खेळण्यांवरचा आयातकर 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70 वर गेला, म्हणून अधिकारी शंका घेतो असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. खरं तर चूक माझीच. पैसे पाठवण्याआधी एक दिवस बसून वाचायला हवं होतं.

तोवर गोदामाचं भाडं दिवसागणिक चढत होतं. तुम्ही गणपतीवरची माटवी बांधत होतात तेव्हा मी उरणच्या रस्त्यावर ट्रेलरांच्या रांगेत रिक्षात बसून वकिलाला फोन लावत होतो.

शेवटी वड्या सुटल्या. पंजाचे रंग दंड भरून परत पाठवतोय. जायचं भाडंही माझंच. रक्कम लिहीत नाही, आईला झोप लागणार नाही. कर्ज काढलेलं नाही, एवढं पुरे.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला आवडेल. हाच नियम वाचताना दिसलं की हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्यांपैकी कोणाकोणाची नोंद आहे, जरा विचाराल? लाकडी फळं आणि त्यांच्याबरोबर माझ्या वड्या, असा एक डबा करावा असं डोक्यात आहे. अजून नुसतं डोक्यातच.

आणि ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायची सवय आता सोडा. जुन्या क्रोम पिवळ्यात शिसं असतं. तुमच्या कपाटातल्या त्या जुन्या नळ्या मी आल्यावर बघतो.

दसऱ्याआधी येतोय. पंजाच्या रंगाची नमुन्याला आलेली एक डबी माझ्याकडे आहे, ती आणीन. आई, चाखून बघू नकोस, तुझ्या कोरफडीपेक्षा कडू आहे. मी चाखली.

तुमचा,
बाळू