चुकलेलं गणित फाडायला लावू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

माझी मुलगी दहावीत आहे. सध्या कापसाची वेचणी चालू आहे, दिवसभर वावरात असतो आणि संध्याकाळी हातपाय धुतले की तिच्या होमवर्कजवळ बसतो, मी बारावी सायन्स केलेलं पण त्याला लई वर्षं झाली, निम्मं तिच्यासोबतच पुन्हा शिकून राहिलो.

परवा भिंगाचं गणित होतं. बहिर्वक्र, म्हणजे मधे जाड असलेल्या, भिंगाचं नाभीय अंतर (लांबून आलेले किरण भिंगापासून जेवढ्या अंतरावर एकत्र येतात ते) 10 सेंमी, वस्तू 30 सेंमीवर, तर प्रतिमा कुठे पडेल? पोरीनं सूत्र बरोबर लिहिलं, आकडेमोडही बरोबर, उत्तर आलं साडेसात. गाईडमध्ये पंधरा. तिनं पान फाडलं, नव्या पानावर गाईडमधलं उतरवलं आणि दुसऱ्या दिवशी बरोबरची खूण घेऊन आली. मी म्हटलं काहून फाडलं वं, तं म्हणे, "बाबा, वहीत खाडाखोड दिसली तं रागावतात."

फाडलेलं पान चुलीजवळच्या कागदांत सापडलं. चूक एकच होती. वस्तू भिंगाच्या डावीकडे म्हणून अंतर उणे 30 घ्यायचं, तिनं नुसतं 30 घेतलं, त्यामुळे एक दशांशातून एक तिसांश वजा व्हायच्या जागी मिळवलं गेलं. उण्याची एवढी एक खूण समजली असती तर त्या धड्यातली सगळी गणितं सुटली असती, पण तेच पान चुलीत जाणार होतं!

मग आम्ही आजोबांचा जुना जाड चष्मा काढला, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा, असे चष्मे 10 डायॉप्टरच्या, म्हणजे 10 नंबरच्या, आसपास असतात म्हणजे नाभीय अंतर साधारण 10 सेंमी. लाईन गेलीच होती. मेणबत्ती काचेपासून 30 सेंमीवर ठेवली आणि दुसऱ्या बाजूनं पुठ्ठा मागेपुढे केला, साडेसातवर नुसता पिवळा डाग, पंधराच्या जवळ ज्योत उमटली, उलटी अन् अर्ध्या उंचीची. पोरगी कितीतरी वेळ पुठ्ठा हलवून पाहत होती.

शेजारचा पोरगाही येतो. 5 एचपीची मोटर 8 तास चालली तर किती युनिट, असं त्याला दिलं. 746 वॅट गुणिले 5 म्हणजे 3.73 किलोवॅट इथपर्यंत आला अन् पुढे तासाचे मिनिटं करून 480 नं गुणलं, 1790 युनिट! खरं उत्तर 29.84. त्याला उत्तर सांगितलं नाही, घरचं बिल आणायला लावलं, मग त्याचं त्यानंच पकडलं.

सरांना दोष देत नाही, वह्यांचा गठ्ठा मोठा असतो हे दिसते. पण चुकलेल्यावर एक रेघ मारून ते तसंच राहू द्या अन् खाली पुन्हा सोडवा, एवढं जरी वर्गात सांगितलं तरी पोरं गाईडमधून उतरवणं कमी करतील असं मला मनापासून वाटते. बोर्डाच्या गणिताच्या पेपरात पायऱ्यांचे मार्क मिळतात, मग वहीत नुसतं उत्तर काहून पाहायचं?

आणि तुम्हाला एक विनंती, परीक्षेच्या दिवसांत पेपरात सोडवलेली गणितं छापता तेव्हा प्रत्येकासोबत पोरांची नेहमी होणारी एक चूकही छापा, कोणत्या ओळीत गाडी घसरते ते दाखवून.

आपला,
एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ