सुऱ्या पाण्यात घालू नकोस

गिरगाव, मुंबई
२१ जून

प्रिय सुधा,

सासऱ्यांच्या कपाटात सापडलेल्या त्या बारा सुऱ्यांचे फोटो काल रात्री पाहिले. एक विनंती आधी ऐक. त्या गरम पाण्यात भिजत घालू नकोस. घातल्या असशील तर आत्ता बाहेर काढ आणि मग पुढचं वाच.

माझ्या हातून तेच झालं. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरून सहा सुऱ्या हौसेने आणल्या आणि साबणाच्या गरम पाण्यात टाकल्या. अर्ध्या तासाने एक उचलली तर नुसती मूठ हातात आली, पातं तळाशीच राहिलं. मुठीच्या भोकातून काळपट राळ पाझरत होती. जुन्या सुरीत पात्याची निमुळती दांडी मुठीत खुपसून राळेने बसवलेली असते. उष्णतेने राळ मऊ पडते. आत पाणी राहिलं तर दांडी गंजते, गंजाने फुगते आणि हाडाची मूठ उभी तडकते. माझी दुसरी सुरी अशीच तडकली. तिची ती चीर बोटाला लागते तेव्हा अजून वाईट वाटतं.

आता मूठ कशाची आहे ते बघ. दिवसाउजेडी खिडकीशी बस, भिंग घे. हाडात बारीक करडे ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. जिवंतपणी रक्तवाहिन्या ज्यांतून जायच्या त्या नळ्यांच्या खुणा त्या. हस्तिदंत असेल तर मुठीच्या बुडाला एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेघांची जाळी दिसेल. रेघा आखल्यासारख्या सरळ, समांतर असतील तर बहुधा सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लॅस्टिक. मूठ अंगठ्याने जोरात घासून वास घे; त्यात कापूर असतो, तो दरवळतो. कुणी तापलेली सुई टोचायला सांगेल, मुळीच टोचू नकोस. सेल्युलॉइड भडकन पेटतं. आणि हस्तिदंत निघाला तर विकायचं नाव काढू नकोस, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार बंद आहे. पण तिसऱ्या फोटोत मला ठिपके दिसले. माझ्या मते हाडच.

पात्यावर ‘शेफील्ड’ वाचता आलं, सुऱ्यांसाठी नावाजलेलं इंग्लंडमधलं शहर. तिथेच १९१३ साली हॅरी ब्रियरलीने न गंजणारं पोलाद केलं, म्हणून ‘स्टेनलेस’ कोरलेली सुरी त्यानंतरची समजायची. तुझ्या पात्यांवरचे करडे डाग पाहता ती साध्या पोलादाची वाटतात. आजीची विळी आठव, कैरी चिरली की काळी पडायची. तोच प्रकार.

पुसताना फडकं घट्ट पिळून घे, पातं पूस, लगेच कोरडं कर. मुठीला फक्त ओलसर हात. हळदीच्या बोटांनी तर धरूच नकोस, हाड डाग पिऊन टाकतं. ब्लीच, लिंबू, तेल, काही नको. पिवळेपणा राहू दे, तो वयाचा आहे. पात्याला मात्र शिलाईयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरव. आमच्याकडे पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस ठिपके उठतात. प्रत्येक सुरी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळ. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. रबरबँडही नको, मुठीजवळची चांदीची पट्टी काळी पडते.

ढिली मूठ सुपर ग्लूने चिकटवू नकोस, तशीच बाजूला ठेव. गणपतीत येशील तेव्हा घेऊन ये, आपण दोघी मिळून बघू. त्याआधी एखाद्या मुठीच्या बुडाचा अगदी जवळून फोटो पाठव, उन्हातला.

तुझी,
नंदा