खाती नकोत, पण समाजमाध्यमे वर्गात हवीत

महोदय,

ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. तेव्हापासून आपल्याकडेही तसा कायदा करा, अशी मागणी होत आहे. मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. शाळकरी मुलांची खाती नसावीत, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच दमात समाजमाध्यमांना वर्गाचे दारच बंद करा असे म्हटले जाते, ते अजिबात पटत नाही. ऑस्ट्रेलियातही बंदी आहे ती खात्यांवर. खाते न उघडता दिसणारा यूट्यूबवरचा व्हिडिओ शिक्षकाने वर्गात दाखवायला तिथेही अडकाठी नाही.

पावसाळ्यात गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की घरोघरी मोबाइलवर पुराचे व्हिडिओ येऊ लागतात. त्यातले काही ताजे, काही मागच्या वर्षांचे, काही तर दुसऱ्याच नदीचे असतात. असा एखादा व्हिडिओ मी वर्गातल्या पडद्यावर लावते आणि विचारते, हा कुठला आणि कधीचा? नाशिकच्या गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती दिसली की ठिकाण पक्के होते. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे की छातीला, यावरून आजच्या पातळीशी ताडून पाहता येते. नाशिककर पूर त्याच्यावरूनच मोजत आले आहेत. एकदा ‘आत्ताची परिस्थिती’ म्हणून फिरणारा व्हिडिओ पाहताना मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, पुलावरच्या सगळ्यांच्या तोंडाला मास्क आहे.” म्हणजे तो कोरोनाच्या काळातला होता. बातमी पारखायची कशी, हे त्या एका वाक्याने वर्गाला जेवढे कळले, तेवढे माझ्या तासभराच्या बोलण्याने कळले नसते.

मग आकड्यांकडे वळता येते. क्युसेक हा शब्द मुले रोज ऐकतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर. 11,574 क्युसेकने 24 तास पाणी सोडले की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होते, हा हिशेब मुलांनी वहीत स्वतः मांडला. हेच पाणी पुढे नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात जाते. त्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाड्यात दरवर्षी वाद होतो आणि बातम्यांखालच्या प्रतिक्रियांत तो अगदी हातघाईवर येतो. त्यातल्या शिवीगाळ नसलेल्या प्रतिक्रिया मी आधी निवडून ठेवते. यात माहिती कोणती, राग कोणता, समन्यायी पाणीवाटपाबद्दल 2005 चा कायदा काय सांगतो, हे मुले वेगळे काढतात. पाठ्यपुस्तकातले नदीखोरे तेव्हा कुठे त्यांना आपले वाटू लागते.

यासाठी मुलांच्या हातात मोबाइल लागत नाही. शिक्षकाचा एक फोन आणि एक पडदा पुरतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो. तो धडा गिरवायचा सोडून बहुतेक शाळांत समाजमाध्यम म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप, एवढाच अर्थ उरला आहे. रात्री दहाला पीडीएफ टाकायची, सकाळी वही तपासायची. सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळीला गेलेल्या वडिलांच्या खिशात घरातला एकमेव फोन असतो, त्या मुलाने अभ्यास कुठून पाहायचा? याला समाजमाध्यमातून शिकणे म्हणत नाहीत. ही निव्वळ टपाल पोहोचवण्याची सोय झाली, आणि तीही सर्वांपर्यंत न पोहोचणारी.

मुलांनी स्वतः काही तयार केले तर मात्र चित्र बदलते. निफाडकडच्या एका विद्यार्थ्याने आजोबांकडून द्राक्षाची खरड छाटणी समजून घेतली आणि वडिलांच्या फोनवर टिपली. चित्रीकरणात दिसतात ते फक्त हात, कात्री आणि काडी. वर्गात ते लावल्यावर शहरातल्या मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला: एप्रिलच्या उन्हात वेल बोडकी का करायची? मग ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाटणी कशाला? उत्तरे आजोबांकडून पुढच्या आठवड्यात आली. हे चित्रीकरण शाळेच्या यूट्यूब वाहिनीवर ठेवले, तर सुरगाणा-पेठच्या मुलांनाही आपल्या भातलावणीचे असेच चित्रीकरण पाठवता येईल. चेहरा नाही, नाव नाही, पत्ता नाही, हा नियम मात्र मोडता कामा नये. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामचीच वयाची अट 13 वर्षांची आहे, आणि आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. असे असताना पाचवीतल्या मुलाला ‘खाते उघडून आण’ असे कोणत्याही शाळेने सांगू नये.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागांना माझी विनंती आहे. सायंकाळी सहानंतर शाळेच्या ग्रुपवर अभ्यास टाकू नये आणि ग्रुपवर टाकलेला प्रत्येक अभ्यास वर्गातल्या फळ्यावरही लिहिलाच पाहिजे, असे लेखी परिपत्रक काढा. शाळेच्या कामासाठी शिक्षकांना वेगळा क्रमांक द्या. प्रशिक्षणात ॲप कसे उघडायचे हे पुरे झाले. आलेला व्हिडिओ तारीख, ठिकाण आणि मूळ स्रोत यांवर कसा तपासायचा, याचा निदान एक दिवस ठेवा, आणि तो पावसाळ्याआधी ठेवा.

आपली विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक