दिवाणी कोर्टातली पहिली वर्षं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. मुक्ता एलएलबी झाली आणि दिवाणी प्रॅक्टिसच करायची म्हणते, हे वाचून फार आनंद झाला. तिने काय काय शिकावं असं विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं, काम सोपं आहे. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी करायची. खुल्या प्रवर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपयांहून जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2024 साली बजावलं आहे. पुढच्या दोन वर्षांत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हावं लागतं.

सीनियर निवडताना नावापेक्षा काम बघावं. ज्यांचे दावे पुराव्याला लागतात, साक्षीदारांचे सरतपास (आपल्या बाजूने) आणि उलटतपास (विरुद्ध बाजूने) होतात, तिथेच वकील घडतो. नुसत्या तारखा घेऊन ते होत नाही. सुरुवातीला पैसे जेमतेम मिळतात. दोन-तीन वर्षं घराने पाठीशी राहायला हवं, हे तुला स्पष्टच सांगतो.

ज्युनियरचं खरं काम मुदती सांभाळणं. समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत प्रतिवादीने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची, कोर्ट ती मुदत 90 पर्यंत वाढवू शकतं. कमर्शियल दाव्यात मात्र 120 दिवस उलटले की कैफियत द्यायचा हक्कच संपतो. नवे वकील वकीलपत्र दाखल केल्यापासून दिवस मोजतात, आणि घात तिथेच होतो. म्हणून पक्षकार ऑफिसात आला की आधी समन्स मागायचं आणि बजावणीची तारीख फाईलच्या कव्हरवर लिहायची.

घात होण्याची दुसरी जागा निशाणी 5, म्हणजे दाव्यातला तात्पुरत्या मनाईचा अर्ज. एकतर्फी मनाई मिळाली की सगळे खुशीत घरी जातात. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 रूल 3 प्रमाणे अर्ज, शपथपत्र, वादपत्र आणि कागदपत्रांच्या प्रती लगेच समोरच्याला द्याव्या लागतात किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवाव्या लागतात, आणि तसं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात दाखल करावं लागतं. ते राहिलं, तर मनाई उठवायला विरुद्ध बाजूला आयतं कारण मिळतं.

निकाल विरुद्ध गेला तर त्याच दिवशी निकालाच्या नकलेचा अर्ज टाकावा. जिल्हा कोर्टात अपिलाला 30 दिवस असतात. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, पण अर्ज करायच्या आधी वाया घालवलेले वगळत नाहीत.

आणि रोजनामा, म्हणजे त्या तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद! प्रत्येक तारखेनंतर तो स्वतः वाचावा. पुकाऱ्याच्या गडबडीत ऐकलेलं आणि त्यात लिहिलेलं कधी कधी वेगळं निघतं. 'कैफियतीविना' असा शेरा पडला असेल तर तो त्या आठवड्यातच कळलेला बरा, कारण तो रद्द करून घेताना उशिराचा जाब द्यावा लागतो.

सनद हाती आली की तिला शिवाजीनगर कोर्टात माझ्याकडे पाठव. दोन-तीन सीनियर सुचवतो. प्रत्येकाचा उलटतपास तिने मागच्या बाकावर बसून ऐकावा आणि मग ठरवावं.

तुझा,
विनायक