लेबनॉनच्या तळावरील गस्तवह्या जाळू नयेत: संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

दक्षिण लेबनॉनमधील संयुक्त राष्ट्रांच्या अंतरिम सेनेचे काम ३१ डिसेंबर २०२६ रोजी थांबवून त्यानंतर वर्षभरात ती माघारी घ्यावी, असे सुरक्षा परिषदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवले. १९९८ पासून भारतीय पलटणी तेथे पाळीपाळीने जात आल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीत मी हवालदार म्हणून वर्ष काढले. त्या वर्षात माझ्या रायफलीतून एकही गोळी सुटली नाही. तिथल्या गस्तवह्या जपण्याची ही विनंती मी करतो आहे ती त्यामुळेच.

आमच्या भागातून दिसे हिवाळ्यात बर्फाने झाकलेला जबल अल-शेख पर्वत, खाली ऑलिव्हच्या बागा आणि २००० साली इस्रायली सैन्य मागे गेल्यावर ठरलेली, लेबनॉन आणि इस्रायल यांच्यामधली सुमारे १२० किलोमीटर लांबीची माघारीची रेषा, ‘ब्लू लाइन’. तिची खूण म्हणून जागोजागी निळी पिंपे उभी आहेत. ती माणसांना कळतात, शेळ्यांना नाही. म्हणून कळप पलीकडे निघाला की गुराख्याला हाक मारणे, चौकीला कळवणे आणि कोणत्याही बाजूने भलता अर्थ काढू नये यासाठी तेथेच उभे राहणे, हे आमचे काम.

गावकरी आम्हाला ‘हिंदी’ म्हणत. अरबीत भारतीयाला तोच शब्द आहे, पण मराठी कानांना तो आधी गमतीचा वाटे. आमच्या पशुवैद्यक साहेबांकडे ते गाई-शेळ्या आणत, आणि त्या दवाखान्याच्या दाराशी गावाची जी खबर मिळे, ती दुर्बिणीतून कधी मिळाली नाही.

युद्धे व मोहिमांची कागदपत्रे जपून ती साधारणपणे २५ वर्षांनी खुली करण्याचे धोरण आपल्या मंत्रालयाने २०२१ मध्ये स्वीकारले आणि त्यात वॉर डायऱ्या, म्हणजे पलटणींच्या कारवायांच्या अधिकृत रोजनिश्या, येतात; परंतु चौकीची गस्तवही किंवा जनावरांच्या दवाखान्याचे रजिस्टर यांना वॉर डायरी कोण म्हणणार? तळ आवरताना असले कागद बिनकामाचे ठरतात. एका छावणीत हुकूम झाला म्हणून ते मी स्वतःच्या हातांनी जाळले आहेत.

तरी तळ आवरण्यापूर्वी हे कागद वेगळे काढून मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे पाठवण्याचा आदेश निघावा, आणि केवळ अधिकाऱ्यांच्याच नव्हे, तर तेथे पहारा दिलेल्या जवानांच्याही आठवणी त्यांच्या मातृभाषेत ध्वनिमुद्रित व्हाव्यात. बोलावाल त्या दिवशी मी हजर राहीन.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार